एक हलवलेली ओळ

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (खुर्ची मागे सरकवून खरोखर वाकले. नुसता कागदावरचा नमस्कार म्हणजे रिकामं पाकीट, असं तूच म्हणायचीस.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून उजवाच कुरकुरतो, की आता दोघांचं एकमत झालं? अक्षर जरा मोठं वाटेल. तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल तर ते तुझ्या सोयीसाठी आहे असं समज. वाढला नसेल तर खरं सांगते, मन खायला लागलं की माझं अक्षर मोठं होतं. बाकी माझी तब्येत उत्तम. घास उतरत नाही आणि झोप लागत नाही, एवढंच.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात, दुसऱ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत मी लिहिलं होतं, "आमच्या एका पुस्तिकेत चूक झाली आणि आमच्या मुद्रितशोधकांनी ती मोठ्या मनाने कबूल केली." या एका वाक्यात तीन चुका आहेत. चूक झाली नव्हती, केली होती. ती मी केली होती. आणि मुद्रितशोधकांनी काहीही कबूल केलेलं नाही, कारण त्यांना काही विचारलं गेलंय हेच त्यांना ऐकू आलं नव्हतं. 'मोठ्या मनाने' हे दोन शब्द तेवढे बरोबर आहेत. ते राहू देत.

तुला आठवतं का, शाळेत नाव घालण्याआधी दोन वर्षं तूच मला घरी शिकवत होतीस, आणि मी एकदा तुझ्याकडे येऊन "कप फुटला" असं सांगितलं होतं? तू म्हणालीस, "असं एवढं काय दुःख होतं त्याला, की तो आपला आपण फुटला?" आणि पाटीवर दहा वेळा लिहायला लावलंस, 'मी कप फोडला'. मला तेव्हा वाटलं, हा व्याकरणाचा धडा. (दहाव्या वेळी मी 'माझ्या हातून कप फुटला' असं लिहून पाहिलं होतं. तू ते पुसून अकराव्यांदा लिहायला लावलंस.) एवढं शिकूनही मी परवा तुलाच 'चूक झाली' असं लिहिलं. विद्यार्थिनी बरी होती, बाई. उजळणी कमी पडली.

आता सगळं क्रमाने सांगते. आमच्या छापखान्यात खाली यंत्र आणि वर दोन खोल्या आहेत. पहिल्या खोलीत मालकीणबाई बसतात, दुसरीत आम्ही तिघं: मी, बांधणीवाल्या मावशी आणि खिडकीपाशी मुद्रितशोधक आजोबा, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणारे. मानेपासून ते जरा पुढे वाकलेले आहेत, त्यामुळे सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणतात. हे त्यांना माहीत आहे. एकदा मावशींनी अगदी तोंडावर विचारलं, "राग नाही येत हो तुम्हाला?" तर म्हणाले, "पूर्णविराम म्हणाला असतात तर आला असता." ते पोर्तुगीज बोलणाऱ्या घरातले. तरुणपणी समुद्र ओलांडून इकडे आले, आपली भाषा चांगली शिकले, पण सभ्यपणाचे शब्द मात्र अजून त्यांच्या तोंडून त्यांच्याच भाषेत येतात. शिवाय डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. हे ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

मी पहिल्या दिवशी भीत भीत त्यांच्या टेबलापाशी गेले, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि हसून विचारलं, "पोइज नाँव?" आता 'नाँव' म्हटल्यावर आपण काय करणार? मी नाव सांगितलं. स्वतःचं, बाबांचं, मग आडनाव. ते क्षणभर थांबले, उभे राहिले आणि त्यांनीही त्यांचं नाव सांगितलं, त्यात चार आडनावं होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा "पोइज नाँव?" मी पुन्हा नाव सांगितलं, जरा मोठ्याने, कारण तोवर मला कानाचं कळलं होतं. असं चार दिवस चाललं. चारही दिवस ते उठून उभे राहिले आणि आपली चार आडनावं त्यांनी न चुकता सांगितली. मला वाटलं, वय झालं, विसरतात बिचारे. त्यांना माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर एका बोटकंपनीचं काम आलं. त्यांच्या तिकीटखिडकीवर बसणाऱ्या लोकांसाठी खिशात मावेल अशी पुस्तिका हवी होती. डावीकडे सौजन्याचे तीनशे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचे पोर्तुगीज अर्थ. अर्थ आजोबांनी लिहायचे, रकान्यांत मांडायचे मी. त्या सहा आठवड्यांत मी जे शिकले ते तुला शिकवावंसं वाटतं. इंग्रजीत नुसतं 'थँक यू' म्हटलं की संपलं, म्हणणारा कोण आहे याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. पोर्तुगीजमध्ये पुरुषाने म्हणायचं 'ओब्रिगादु' आणि बाईने 'ओब्रिगादा'. (आपलं 'आलो' आणि 'आले' असतं ना, तसं.) मी ऐकून ऐकून शिकलेली, आणि ऐकलं होतं फक्त आजोबांकडून. त्यामुळे तीन आठवडे मी त्यांचे आभार पुरुषासारखे मानत होते. त्यांनी चारचौघांत एकदाही टोकलं नाही. एक दिवस माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती. तिच्यावर काही नव्हतं, फक्त एक 'आ' होता. मी दोन तास विचार केला आणि मग जाऊन म्हणाले, "ओब्रिगादा." त्यांनी ती चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, फाडली आणि टोपलीत टाकली. चूक दाखवायची ती अशी, आणि पुरावा मिटवायचा तो असा.

(आपल्या घरी तर हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे कोणी कोणाचे आभार मानले तर समोरचा विचारतो, "काय गं, रागावलीस का?")

आणखी एक जोडी सांगते आणि मग मुद्द्यावर येते. (येतेय, हळूहळू येतेय. मुद्दा कडू आहे.) इंग्रजीत 'एक्स्क्यूज मी' एकच. वाट मागतानाही तेच आणि पायावर पाय दिल्यावरही बरेच जण तेच म्हणतात. पोर्तुगीजमध्ये दोन शब्द आहेत. करण्याआधी विचारायचं तेव्हा 'कों लिसेन्सा', आणि करून झाल्यावर 'देस्कुल्पे'. आजोबांनी त्या दोन ओळींमध्ये पेन्सिलीने एक रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं, 'यांची अदलाबदल करू नये.' मी ती सूचना सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतली आणि पंधरा दिवसांत नेमकी तीच अदलाबदल केली, कागदावर नव्हे, वागण्यात.

झालं असं. (नाही. केलं असं.) शेवटचं प्रूफ आजोबांनी तपासलं आणि खाली सही केली. ते घरी गेल्यावर मी सवयीप्रमाणे पुन्हा एकदा वाचायला बसले. तुला माहीत आहे, मी दाराची कडी लावते आणि मग ती लावली का ते बघायला परत येते. एकशे ब्याऐंशीव्या ओळीत, 'सर्टनली', म्हणजे अवश्य, याच्यासमोर त्यांनी लिहिलं होतं 'पोइज नाँव'. तोवर माझ्याकडे शब्दकोश आला होता. मी एकेक शब्द काढून पाहिला. 'पोइज' म्हणजे 'मग' किंवा 'तर'. 'नाँव' म्हणजे चक्क 'नाही'. 'तर मग नाही.' आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आजोबा मला नाव विचारतच नव्हते. टेबलापाशी कोणीही आलं की त्याचं ऐकून घ्यायच्या आधीच ते 'नाही' म्हणतात आणि मग निमूटपणे काम करून देतात. अशी माणसं असतात, आपले धाकटे काका तसेच आहेत. म्हणजे ओळ चुकली. दोनच ओळी खाली होतं, 'आय ॲम अफ्रेड नॉट', म्हणजे नम्रपणे नाही. 'पोइज नाँव' तिथलं असणार आणि तिथला शब्द वर गेला असणार. मी दोन्हींची जागा बदलली.

सकाळी आजोबांना विचारता आलं असतं. पण मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच भाषेतली चूक काय दाखवायची? वाईट वाटेल. मोठ्यांची चूक बोलून दाखवू नये, गुपचूप सावरून घ्यावी. हे सौजन्यच नाही का? पुस्तिका छापायला गेली तेव्हा मला फार बरं वाटत होतं. आत्या, इतकं बरं वाटायला लागलं की यापुढे मी सावध होणार आहे.

तर 'पोइज नाँव' म्हणजे 'अवश्य'. शब्दशः 'तर मग नाही', आणि अर्थ 'हो, का नाही? बोला, काय करू तुमच्यासाठी?' हे मला कळायला हवं होतं, निदान मला तरी. घराबाहेर पडताना आपण 'येते' म्हणतो; कोणी दारात हात धरून "येतेस म्हणालीस ना, मग निघालीस कुठे?" असं विचारत नाही. दुकानदार दुकान वाढवतो म्हणजे बंद करतो. उलटं बोलून सुलटं समजायची सवय आपल्याला जन्मापासून. पण दुसऱ्याच्या भाषेत शिरलं की माणूस शब्दकोशासारखा वागायला लागतो.

पुढचं बोटकंपनीच्या तक्रारपत्रावरून सांगते. बोट भरली होती. खिडकीवरच्या मुलीने नवी पुस्तिका उघडली आणि जागा मागायला आलेल्या प्रत्येक पोर्तुगीज माणसाला, एकशे चौऱ्याऐंशीवी ओळ पाहून, गोड हसून सांगितलं, "पोइज नाँव." म्हणजे तिच्या मते 'क्षमा असावी, जागा नाही.' आणि त्यांच्या मते 'अवश्य, या.' ते लोक तिला धन्यवाद देऊन, सामान उचलून धक्क्यावर रांगेत उभे राहिले. तिला वाटलं, काय समजूतदार लोक आहेत, नाही म्हटलं तरी आभार मानतात. दुपारपर्यंत छत्तीस माणसं जमली, त्यांत एक बाई शिवणयंत्र घेऊन आल्या होत्या. अधिकारी समजवायला आला तर तोही पुस्तिकेत बघून तेच म्हणाला. रांग टाळ्या वाजवून दोन पावलं पुढे सरकली.

मालकीणबाईंनी हे पत्र आमच्या खोलीत उभं राहून मोठ्याने वाचलं. मावशी हसून हसून डिंकाच्या डब्यावर कलंडल्या. मालकीणबाई पत्र घेऊन आजोबांपाशी गेल्या, डाव्या बाजूने, आणि म्हणाल्या, "आजोबा, हे तुमच्याच हातचं ना?" आजोबांना फक्त कोणीतरी जवळ उभं आहे एवढंच जाणवलं. मान वर करून, हसून ते म्हणाले, "पोइज नाँव?"

मालकीणबाईंनी आत्ताच वाचलं होतं की याचा अर्थ 'हो, अवश्य'. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघ. क्षणाचाही वेळ लावला नाही. दुसरा असता तर सतरा कारणं सांगितली असती." तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही. त्यातून आलं ते "हो".

मालकीणबाई भल्या आहेत, आणि इथेच सगळा घोटाळा आहे. चुकीवरून काढलं म्हटलं तर म्हाताऱ्याला लागेल, म्हणून त्या आजोबांना एवढंच म्हणाल्या, की सध्या काम जरा कमी आहे, लागलं की निरोप पाठवते. आजोबांनी का, कधी, काही विचारलं नाही, कारण बाईमाणसाला अडचणीत टाकणं बरं दिसत नाही. आणि मी बोलले नाही, कारण मोठी माणसं बोलत होती. आत्या, यात आम्ही तीन माणसं होतो, तिघंही सभ्य. एकानेही दुसऱ्याचं मन दुखावलं नाही, आणि त्यात एकाचं काम गेलं. ते का गेलं हे त्याला आजही माहीत नाही. त्याला वाटतंय, खरंच काम कमी आहे.

त्यांनी टेबल पुसलं, पेन्सिली गोळा केल्या, टोपी घातली. दाराशी माझी खुर्ची आहे. तिथे थांबून ते मला म्हणाले, "कों लिसेन्सा." निघतानाही तेच म्हणतात, जायची परवानगी मागतात. आणि त्यावर काय म्हणायचं ते मला तोवर पक्कं कळलं होतं. मी म्हणाले, "पोइज नाँव." अवश्य, जा. त्यांचा चेहरा एवढा उजळला. इतक्या महिन्यांत चिठ्ठीशिवाय माझ्या तोंडून आलेला हा पहिला अचूक पोर्तुगीज शब्द, जागेवर, वेळेवर, उच्चारासकट.

त्यानंतर दोन हजार प्रतींवर दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. मी म्हटलं, मी एकटी करते. मला ते प्रायश्चित्त वाटत होतं, मालकीणबाईंना ती निष्ठा वाटली. नवव्या दिवशी त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "एवढं मन लावून काम करणारी मुलगी मी पाहिली नाही. सोळा तारखेच्या सोमवारपासून हे टेबल तुझं. तपासायचं काम आता तूच कर." हीच ती बढती, जिच्याबद्दल मी मागच्या पत्रात एक अख्खं पान लिहिलं. पट्टी चिकटवायला गेले आणि स्वतःच चिकटले.

मी मावशींना सांगून पाहिलं. सगळं सांगितलं. त्या पुस्तकाचे दोरे ओवत होत्या, ओवतच राहिल्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा."

"मग आता काय करू, मावशी?"

"काय करायचंय? पट्ट्या लागल्या, विषय मिटला. मेलेल्या सापाला किती ठेचशील?"

"पण साप मेलेला नाही. तो घरी बसून निरोपाची वाट बघतोय."

मावशींनी दोरा दाताने तोडला. "मग मला कशाला विचारतेस? मी 'गप्प बस' म्हणावं म्हणून विचारत होतीस ना? म्हटलं मी. आता पुढचं तुझं तू बघ."

तेव्हापासून मी बघतेच आहे. या सोमवारी मालकीणबाईंना सर्दी होती. आजारी माणसाला धक्का देऊ नये. मंगळवारी त्या खुशीत होत्या; चांगल्या मूडवर विरजण घालू नये. आज, बुधवारी, त्या ना खुशीत ना आजारी, अगदी योग्य होत्या, तर मला शिंका यायला लागल्या. माझ्या खणात ते सहीचं प्रूफ आहे. त्यावर आजोबांच्या पेन्सिलीने सगळं जिथल्या तिथे आहे, आणि माझ्या शाईने दोन बाण आहेत. कोणीही पाहिलं तरी एका नजरेत कळेल. म्हणूनच ते कोणी पाहिलेलं नाही.

मी रोज वाक्य तयार करते. 'माझ्याकडून अनवधानाने' असं सुरू केलं, पण ते अनवधान नव्हतं, उलट अवधान जास्त झालं होतं. 'गैरसमजातून' असं म्हटलं तर निम्मा दोष समजाकडे जातो. शेवटी पोर्तुगीजमध्ये तरी एखादी पळवाट सापडते का पाहिलं, कारण आभारांना तिथे बाई-पुरुष आहेत, तर क्षमेलाही काहीतरी असेल. नाही. 'देस्कुल्पे' बाईनेही तसंच म्हणायचं आणि पुरुषानेही तसंच. शेवटी तूच गिरवून घेतलेलं वाक्य उरतं, कर्ता पुढे आणि क्रियापद मागे. मी ओळ हलवली. एवढंच म्हणायला मला अजून जमलेलं नाही. कागदावर आत्ता पहिल्यांदा जमलं, म्हणून तुला लिहिते आहे.

नोकरी जाईल का, ते माहीत नाही. जाऊ शकेल. आजोबांचं टेबल मात्र आजोबांनाच मिळायला हवं, एवढं मला नक्की माहीत आहे, आणि येत्या सोमवारी मी एकदा त्या खुर्चीत बसले की उठणं आणखी अवघड होईल. मालकीणबाईंना सांगून झालं की मी आजोबांच्या घरी जाणार आहे. लवकरच. तुला यावर काय वाटतं ते मोकळेपणाने कळव, मला तुझ्या सल्ल्याची फार गरज आहे. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.

गुडघ्यांना जप. आतोबांना नमस्कार.

तुझी,
कप फोडणारी

ता. क. : माझ्या बढतीचं तू एव्हाना सगळ्या नात्यात सांगितलं असशील. मला माहीत आहे, तू सांगितल्याशिवाय राहणार नाहीस, आणि खोटं कशाला बोलू, तू सांगावंस म्हणूनच मी ते तुला लिहिलं होतं. ते आता मागे घे. इतरांना काहीही कारण सांग, पण बाबांना खरं सांग, आणि मी फोन करायच्या आधी सांग. त्यांना नाव घेऊन, कर्ता घालून सांगणं मला जमायचं नाही. खरं तर एवढंच मागायला पत्र लिहायला बसले होते.

ता. क. २ : वर सल्ला मागितला आहे तो सभ्यपणा म्हणून मागितला आहे. कृपा करून देऊ नकोस. तू फार शहाणी आहेस, 'पोरी, नोकरी सांभाळ, म्हाताऱ्याला दुसरं काहीतरी काम बघून दे' असं काहीतरी समजूतदार लिहिशील, आणि मी ते लगेच ऐकेन. म्हणून हे पत्र मी उद्या टाकणार आहे. तुला ते शनिवारच्या आधी मिळत नाही, चौकशी केली आहे.

ता. क. ३ : वर 'लवकरच' असं लिहिलं आहे. पुन्हा वाचताना दिसलं. लवकरच या नावाचा वार नाही. गुरुवारी, बारा तारखेला, सकाळी साडेनऊला, मालकीणबाई कुलूप उघडत असतील तेव्हा.